रेंजइतकंच सपोर्टचंही बघा
गेटवरचा वायफाय कॅमेरा सारखा ऑफलाइन जातो म्हणताय, तर नवा घेण्याआधी राउटरचं सेटिंग तपासा. असे बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच (वायफायच्या एका लहरीपट्ट्यावर, म्हणजे बँडवर) चालतात आणि भिंतींपलीकडे तेच बरं पोचतं. त्या बँडच्या नेटवर्कला वेगळं नाव द्या, चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती पुढची. गुगलने ८ एप्रिल २०२४ ला ड्रॉपकॅम या आपल्या जुन्या वायफाय कॅमेऱ्यांचा सपोर्ट बंद केला आणि धडधाकट कॅमेरे एका दिवसात निकामी झाले, कारण सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर! म्हणून घ्यायचाच झाला तर आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (कंपनीच्या ॲपशिवाय कॅमेरा दुसऱ्या रेकॉर्डरला जोडायच्या प्रमाण पद्धती) आणि मेमरी कार्डाची सोय असलेलाच घ्या. उद्या ॲप बंद पडलं तरी घरच्या रेकॉर्डरवर चित्रण चालू राहील. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा.