मदत हवी आहे: चालताना ऐकलेला अभ्यास लक्षात कसा ठेवावा?

नमस्कार. मी राज्यसेवा परीक्षेची तयारी करत असून रोज पहाटे नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरील जॉगिंग ट्रॅकवर चालताना इतिहास आणि राज्यघटना या विषयांची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकते. १९०९ मधील नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध किंवा १९३० मध्ये सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह यांसारखे कथनाच्या ओघात येणारे भाग चालता चालता उत्तम लक्षात राहतात. या घटना ज्या शहरात घडल्या तिथेच त्या ऐकताना मन आपोआप गुंतते.

राज्यघटनेचे मात्र तसे होत नाही. कलम ३५२ (राष्ट्रीय आणीबाणी), ३५६ (राष्ट्रपती राजवट) आणि ३६० (आर्थिक आणीबाणी) यांखालील आणीबाणींतील फरक ऐकताना अगदी स्पष्ट वाटतो, परंतु घरी येऊन लिहायला बसले की संसदेच्या मान्यतेसाठी ३५२ ला एक महिना आणि उरलेल्या दोन्हींना दोन महिने, हे चटकन आठवत नाही. चालण्याचा वेग वाढला की व्याख्यानाचा धागाही सुटतो. असे तुलनात्मक भाग आधी वाचून मग केवळ उजळणीसाठी ऐकावेत, असे मला वाटते.

आपल्यापैकी कोणी स्वतःच्या आवाजात प्रश्न ध्वनिमुद्रित करून, उत्तरापूर्वी मुद्दाम थोडा विराम ठेवून, अशी उजळणी केली आहे का? विराम किती असावा आणि एका फेरीत किती प्रश्न घ्यावेत? राज्यघटनेवरील संथ, मुद्देसूद मराठी व्याख्यानेही कृपया सुचवावीत. रस्त्याने परतताना एक कान मोकळा ठेवावा लागतो, त्यामुळे आवाज सुस्पष्ट असणे आवश्यक आहे.