शब्दचर्चा : कोळी – दोन पायांची की आठ पायांचा?

वडगाव, बेळगाव

शेजारच्या कन्नड अक्कांनी परसात कोंबड्या पाळल्यात. माझी चार वर्षांची लेक निम्मा दिवस तिकडंच असते. परवा रात्री न्हाणीच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी बसला होता. मी म्हटलं, "हात लावू नकोस, कोळी आहे." ती पोट धरून हसायला लागली. "आई, कोळी काय भिंतीवर चढते? कोळी तर अक्कांच्या खुराड्यात आहे!"

कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. मग झोपायचं राहिलंच.

"ह्या कोळीला पाय किती?"
"मोज की."
आठ भरले.
"पंख?"
"नाहीत."
"अंडी घालते?"
"होय की, तो अंडी घालतो."
"तो? कोंबडा घालतो काय अंडी?"

इथं मी अडकले. म्हणून दोन प्रश्न. हे दोन्ही शब्द मुळात एकच का? आणि मराठीत कोळ्याच्या मादीला काय म्हणायचं? कोळीण म्हटलं की मासे विकणारीच डोळ्यांसमोर येते.

खानापूर

ताई, दोन्ही शब्दांचं गोत्र वेगळं. कन्नड कोळी द्राविडी आहे, तमिळमध्येही कोंबडीला जवळपास हाच शब्द. आपला कोळी संस्कृत-प्राकृतातून आला. संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर. पंचतंत्रात विष्णूचं सोंग घेऊन राजकन्येकडं जाणारा कौलिक हा विणकरच. प्राकृतात कोलिअ म्हणजे विणकरही आणि जाळं विणणारा हा किडाही. मुलांशी बोलताना मात्र किडा म्हणू नये. किड्याला सहा पाय, कोळ्याला आठ. वडगावात मागाची खडखड ऐकत वाढणाऱ्या पोरीला 'कोळी म्हणजे विणकर' हे पटकन कळेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की मादीला वेगळा शब्द नाही. ज्या जनावरांवर घर चाललं, त्यांचे शब्द आपण बारकाईनं केले. रेडा, म्हैस, रेडकू. बोकड, शेळी, करडू. गाईची कालवड वेगळी आणि गोऱ्हा वेगळा. बाकीच्यांना व्याकरणानं एकदा जे लिंग दिलं तेच राहिलं. पाल, घार, घूस कायम 'ती'. साप, उंदीर, कोळी कायम 'तो'. नर पालीलासुद्धा आपण 'ती'च म्हणतो. तुमच्या अक्कांना ही अडचण येत नाही, कारण कन्नडात जनावर म्हटलं की 'अदु', म्हणजे 'ते'. तुमच्या मुलीनं मराठीतली खरी फट दाखवली. 'कोळ्याची मादी' म्हणा. नवा शब्द पाडायची घाई नको. पण कालवड, करडू, शिंगरू हे शब्द तिच्या कानावर पडू द्या. हल्ली सगळ्यांनाच 'पिल्लू' म्हणायची सवय लागलीय, मला ते फार लागतं.

निपाणी

वरचा 'हल्ली' वाचून राहवलं नाही. कन्नडात हल्ली म्हणजे पाल. मी "हल्ली फार त्रास देतोस" म्हटलं की नातू छताकडं बघतो. एकदा त्यानं विचारलं, "हल्लीचं शेपूट तुटलं तर परत येतं?" येतं. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्याच्याकडं बघतो, तेवढ्यात पाल निसटते. नवं शेपूट सावकाश वाढतं.

आणखी एक शब्द, मरी. कन्नडात बऱ्याच जनावरांच्या पिलांना मरी म्हणतात: नायिमरी कुत्र्याचं पिल्लू, कोळीमरी कोंबडीचं. लहान मुलालाही लाडानं मरी म्हणतात. शेजारणीनं नातवाला "बा मरी" म्हणून जवळ बोलावलं, तेव्हा आमच्या सासूबाई चुलीपासून उठून आल्या. त्यांच्या पिढीला मरी म्हणजे पटकी, मरीआईची साथ. अर्थ कळल्यावर त्यांनी त्याच बाईला घरात बसवून चहा पाजला.

वडगाव, बेळगाव

सगळ्यांची आभारी आहे. काल रात्री पुन्हा बॅटरी घेऊन न्हाणीत गेलो. तोच कोळी होता, पण पोटाखाली पेढ्यासारखी चपटी, पांढरट पुडी धरलेली. जाळं न विणता भिंतींवर फिरणारे जे मोठे घरकोळी असतात, त्यांची मादी अंड्यांभोवती रेशमाची अशी पुडी करते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती घेऊनच हिंडते. अक्कांची कोंबडी सध्या खुडूक आहे, एकवीस दिवस अंड्यांवर बसायची. लेक बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, बॅटरी बंद कर. ही पण बसलीय."