सभागृहाचा मोठा टीव्ही: शनिवारपूर्वी उत्तर हवे

प्रेषक: सचिव
विषय: सभागृहाचा मोठा टीव्ही, शनिवारपूर्वी उत्तर हवे

सर्वांना सप्रेम नमस्कार.

जेल रोडवरच्या दुकानदाराने तो ५० इंची डीएलपी रिअर प्रोजेक्शन टीव्ही, म्हणजे आतल्या सूक्ष्म आरशांच्या चिपने पडद्यावर मागून चित्र पाडणारा टीव्ही, आपल्या मंडळाच्या सभागृहासाठी शनिवारपर्यंत राखून ठेवण्याचे मान्य केले आहे. खजिनदार आणि मी काल पुन्हा जाऊन आलो. चित्र मोठे आणि झळाळते दिसले. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्शन टीव्हीपेक्षा याची खोली बरीच कमी असल्यामुळे तो रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात, कपाट थोडे सरकवून, सहज बसेल. यंदा, २००६ च्या एप्रिलमध्ये, इंदूरच्या उषाराजे मैदानावर भारत-इंग्लंड सामना झाला त्या दिवशी तिकिटे न मिळालेले सभासद आपल्या २९ इंची टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते आणि मागच्या रांगांना धावफलक वाचता येत नव्हता, हे सर्वांना आठवत असेलच. २००७ चा विश्वचषक मार्चमध्ये सुरू होत आहे आणि तोपर्यंत ही व्यवस्था लागली पाहिजे. आगाऊ रक्कम भरण्यास कोणाची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.

सचिव


प्रेषक: लोकमान्य नगर
विषय: उत्तर: सभागृहाचा मोठा टीव्ही

सचिव महोदय,

माझी हरकत आहे, आणि ती चित्राबद्दल नसून दिव्याबद्दल आहे. डीएलपी टीव्हीचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. आत उच्च दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा एक दिवा असतो, त्याचा झोत फिरत्या रंगचक्रातून जाऊन एका चिपवर पडतो, आणि त्या चिपवरचे लक्षावधी सूक्ष्म आरसे कलून तो झोत पडद्याकडे पाठवतात किंवा बाजूला वळवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधलेले हे तंत्र उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तो दिवा अतिशय तापतो, आणि टीव्ही रीतसर बंद केल्यावर आतला पंखा काही वेळ फिरत राहून त्याला थंड करतो. मध्येच लाइट गेली तर दिवा आणि पंखा एकाच क्षणी थांबतात, उष्णता आत कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते. शिवाय लाइट दोन मिनिटांत परत आली तरी चित्र लगेच येत नाही, कारण तापलेल्या दिव्यातला दाब उतरल्याशिवाय तो पुन्हा पेटत नाही.

मी वीज खात्यात उभी नोकरी केली आहे. आपल्याकडे कटौतीचे, म्हणजे ठरवून केलेल्या वीजकपातीचे, वेळापत्रक असते, ट्रिपिंगचे नसते. संध्याकाळी भार वाढला की दहा मिनिटांत तीनदा लाइट गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि या दिव्यासाठी एका लांब कटौतीपेक्षा असे तीन झटके अधिक वाईट असतात. सभागृहाचा इन्व्हर्टर ट्यूबलाइट आणि पंख्यांसाठी बसवलेला आहे. तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात टीव्ही बंद पडेल. म्हणून टीव्हीसाठी संगणकाला लावतात तसा स्वतंत्र यूपीएस घेतला पाहिजे, त्याच्यापुढे स्टॅबिलायझर असला पाहिजे, आणि या दोन्हींची किंमत टीव्हीच्या किमतीत धरूनच निर्णय झाला पाहिजे. दिवा कोण बदलून देणार, तो इंदूरमध्ये मिळतो की मुंबईहून मागवावा लागतो, आणि हमीच्या काळात त्याचा समावेश आहे की नाही, हे दुकानदाराकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

लोकमान्य नगरहून


प्रेषक: न्यू जर्सी
विषय: उत्तर: उत्तर: सभागृहाचा मोठा टीव्ही

काकांना नमस्कार.

दिवा हीच अडचण असेल तर दिवाच नसलेला टीव्ही घ्यावा, असे मी सुचवतो. माझ्याकडे सीआरटी पद्धतीचा ५५ इंची रिअर प्रोजेक्शन टीव्ही आहे. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन पिक्चर ट्यूब असतात आणि त्यांची चित्रे भिंगांतून पडद्यावर एकावर एक बसवली जातात. त्यातला काळा रंग खरोखर काळा दिसतो. रात्रीच्या प्रसंगात नटाच्या काळ्या शेरवानीच्या चुण्या वेगळ्या दिसाव्यात, तर त्या याच टीव्हीवर दिसतात. एलसीडी किंवा डीएलपी प्रोजेक्शनवर तिथे राखाडी धुके पसरते. तीन रंग एकमेकांवर नीट बसलेले नसले तर अक्षरांच्या कडांना लाल-निळी झालर येते, हे खरे आहे, परंतु अर्धा तास तापू देऊन मेनूमधून कन्व्हर्जन्स जुळवले की ती जाते. आम्ही पुढच्या उन्हाळ्यात घर बदलत आहोत आणि हा टीव्ही मंडळाला देण्याची आमची मनापासून इच्छा आहे.

आपला, न्यू जर्सीहून


प्रेषक: सुदामानगर
विषय: न्यू जर्सीच्या टीव्हीबद्दल

दादा, तुमची आपुलकी आम्ही जाणतो. गणेशोत्सवाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी तुम्ही केलेली मदतही कोणी विसरलेले नाही. तरीही हा टीव्ही इथे पाठवू नये, असे मला स्पष्टपणे लिहावे लागत आहे.

तो १२० व्होल्टवर चालणारा आहे. ती अडचण ट्रान्सफॉर्मरने सुटेल, पण त्याचा ट्यूनर तिथल्या एनटीएससी या प्रक्षेपण पद्धतीचा आहे आणि आपल्याकडचे केबल व दूरदर्शन पाल पद्धतीचे आहे. पाल चित्राच्या ६२५ ओळी, त्यांपैकी दिसणाऱ्या ५७६, आणि सेकंदाला २५ चित्रे. तुमच्याकडे ५२५ ओळी आणि सुमारे ३० चित्रे. मध्ये रूपांतर करणारे यंत्र बसवावे लागेल, आणि वेगाने धावणाऱ्या चेंडूवर स्वस्त यंत्राचा परिणाम काय होतो, ते मी पाहिलेले आहे: चेंडू तुकड्यातुकड्यांनी सरकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सीआरटी प्रोजेक्शनच्या ट्यूब लहान असतात आणि तेवढ्या पृष्ठभागावरून मोठा पडदा उजळायचा म्हणून त्या जोरात चालवल्या जातात. एकच आकृती तासन्‌तास त्याच जागी राहिली तर तिचा डाग ट्यूबवर कायमचा उमटतो. आपण पाहणार क्रिकेट. विश्वचषकात ५१ सामने आहेत, प्रत्येक सामना सात तासांच्या वर चालतो आणि धावफलकाची पट्टी पडद्याच्या तळाशी हलत नाही. स्पर्धा संपल्यानंतर नाटकाच्या डीव्हीडीवरही ती पट्टी दिसत राहील. डीएलपीला हा धोका नाही, आणि माझ्या मते आपल्या कामासाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

तुमच्याकडे एनटीएससीशिवाय एचडी प्रसारणही ७२० किंवा १०८० ओळींचे मिळते, म्हणून तुमच्या पडद्यावरचे चित्र डोळ्यांत भरते. इथे केबलवाल्याच्या चित्रातल्या मुंग्या ५५ इंचांवर मोठ्या होऊन दिसतील.

सुदामानगरहून


प्रेषक: वाचनालय
विषय: कपाट सरकवण्याबद्दल

सचिवांस नमस्कार.

टीव्हीची जागा ठरवताना वाचनालयाला विचारले गेले नाही, याची नोंद घ्यावी. ज्या कपाटाचा उल्लेख सहज झाला आहे, त्यात दिवाळी अंकांचे बांधीव खंड आहेत, आणि ते पलीकडच्या भिंतीला सरकवले तर पावसाळ्यात ओल लागेल. मागे एकदा असे झाले तेव्हा खंड वाळवायला मला दोन आठवडे लागले होते.

परंतु माझी खरी हरकत कोपऱ्याला आहे. माझ्या आतेभावाकडे रिअर प्रोजेक्शन टीव्ही आहे. समोरच्या सोफ्यावरून चित्र सुरेख दिसते, पण सतरंजीवर बसले की ते मंदावते आणि उभे राहिले तर त्याहूनही मंदावते. त्याने सांगितलेले कारण असे की, पडद्याच्या आतले भिंग आणि त्यावरच्या बारीक उभ्या रेषा प्रकाश मुद्दाम समोर आणि काहीसा आडवा पसरवतात. वर-खाली तो फारसा पसरतच नाही, आणि त्यामुळेच समोरच्याला इतके तेजस्वी चित्र मिळते. आपल्याकडे कार्यक्रमाला मुले पुढे सतरंजीवर बसतात, ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवर, आणि उशिरा आलेले दाराशी उभे राहतात. डाव्या कोपऱ्यात टीव्ही ठेवला तर उजव्या बाजूच्या महिलांच्या रांगांना तो तिरकाही दिसेल. म्हणून टीव्ही मधोमध असावा, आणि पडद्याचा मध्य खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा.

वाचनालय विभाग


प्रेषक: टिळकनगर
विषय: उत्तर: कपाट सरकवण्याबद्दल

ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मधोमध ठेवला तर समोरच्या दोन खिडक्यांचे प्रतिबिंब पडद्यावर पडेल, एवढेच सांगायचे आहे. काही टीव्हींच्या पडद्यापुढे चकचकीत संरक्षक तावदान असते, त्यात दुपारी चित्रापेक्षा खिडकीच अधिक दिसते. विश्वचषक वेस्ट इंडीजमध्ये असल्यामुळे सामने आपल्याकडे संध्याकाळनंतर सुरू होतील, त्यामुळे मार्चमध्ये ही अडचण येणार नाही, परंतु बालनाट्याचे कार्यक्रम रविवारी सकाळी असतात. जाड पडद्यांचे कापड मी देईन.

आणखी एक. रंगचक्रामुळे काही जणांना नजर झटकन फिरवताना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग चमकलेले दिसतात. माझ्या थोरल्या भावाला ते दिसतात आणि त्याचे डोके दुखू लागते, मला मुळीच दिसत नाहीत. ज्येष्ठांपैकी एक-दोघांना दुकानात नेऊन त्यांना विचारावे.

टिळकनगरहून


प्रेषक: खजिनदार
विषय: यूपीएस आणि दिवा

काकांनी मांडलेला खर्च अंदाजपत्रकात नव्हता, हे मी मान्य करतो. दुकानदाराने दिव्याचे आयुष्य ६,००० तास सांगितले आहे. आपण रोज सरासरी तीन तास टीव्ही चालवला तर वर्षाला सुमारे १,१०० तास होतात, म्हणजे पाच वर्षे दिव्याचा खर्च नाही, अशा हिशेबाने मी होकार दिला होता. हा हिशेब चुकला असेल तर कृपया दुरुस्त करावा. ध्वनिव्यवस्थेच्या निधीतून यूपीएस घेता येणार नाही. तो निधी राखीव आहे.

खजिनदार


प्रेषक: लोकमान्य नगर
विषय: उत्तर: यूपीएस आणि दिवा

खजिनदारांचा गुणाकार बरोबर आहे, पण ‘आयुष्य’ या शब्दाचा अर्थ पाहायला हवा. उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ म्हणजे आयुष्य, असा अर्थ बहुधा घेतला जातो. दिवा एके दिवशी अचानक जाईलच असे नाही. तो हळूहळू मंद होत जातो आणि रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. तिसऱ्या वर्षापासून मागच्या रांगा कुरकुरू लागतील, म्हणून दरवर्षी दिव्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. यूपीएसचे सांगायचे तर टीव्हीला साधारण २०० वॅट लागतात, त्यामुळे १ केव्हीएचा यूपीएस पुरेल. त्याच्यावर सामना पाहायचा नाही; दिवा रीतसर थंड होईपर्यंतची काही मिनिटे त्याने सांभाळायची आहेत. लाइट गेली की टीव्ही रिमोटने बंद करण्याची जबाबदारी मात्र एका माणसाकडे नेमून द्यावी.

आता चित्राबद्दल लिहितो, कारण सचिवांनी जे पाहिले ते दुकानातले चित्र आहे. दुकानात ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट चढवलेले असतात, पांढरा रंग निळसर केलेला असतो, आणि डिस्क कंपनीची असते. शनिवारी आपली नाट्यमहोत्सवाची डीव्हीडी घेऊन जावे आणि ती एकदा पिवळ्या पिनेच्या तारेने व एकदा तीन पिनांच्या कंपोनंट तारेने लावून पाहावी. चित्राची पद्धत ‘मूव्ही’ किंवा ‘स्टँडर्ड’वर आणावी, शार्पनेस कमी करावा आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. सावळा चेहरा सावळा आणि हळद लावलेला चेहरा पिवळा दिसला पाहिजे. नंतर साधी केबल लावून बातम्या पाहाव्यात. या टीव्हीच्या चिपवर ७२० ओळी आहेत आणि केबलवरून ५७६ येतात. उरलेल्या ओळी टीव्हीने स्वतः बनवायच्या असतात, आणि दोन टीव्हींमधला खरा फरक या बनवण्यात दिसतो.

५० इंच हा आकडाही तपासून घ्यावा. हा पडदा रुंद आकाराचा, १६:९ प्रमाणातला आहे, म्हणजे त्याची उंची फक्त साडेचोवीस इंच आहे. आपल्या वाहिन्या ४:३ प्रमाणात येतात. चित्र न ताणता पाहिले तर दोन्ही बाजूंना साडेपाच इंचांच्या काळ्या पट्ट्या राहतील आणि मधले चित्र ४१ इंचांच्या टीव्हीएवढे असेल. ताणून पाहिले तर सगळे खेळाडू लठ्ठ दिसतील, आणि मला ते सहन होणार नाही. २९ इंचांवरून ४१ ही वाढसुद्धा मोठी आहे, पण मागच्या रांगेला धावफलक वाचता येईल की नाही, हे तेवढे अंतर मोजून दुकानात उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

लोकमान्य नगरहून


प्रेषक: सचिव
विषय: शनिवारचा कार्यक्रम

सर्वांना नमस्कार.

जागा परस्पर ठरवल्याबद्दल वाचनालय विभागाची मी क्षमा मागतो. कपाट हलणार नाही आणि टीव्ही मधोमध राहील. दुकानदाराशी आज बोललो. दिवा एक वर्षाच्या हमीत असल्याचे तो लिहून देण्यास तयार आहे. इंदूरमध्ये तो तयार मिळत नाही, मागवावा लागतो, म्हणून एक जादा दिवा आताच सवलतीत द्यावा अशी मागणी मी केली आहे आणि त्यावर तो शनिवारी उत्तर देणार आहे. ते उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरली जाणार नाही. न्यू जर्सीच्या दादांना मी स्वतंत्रपणे लिहितो.

शनिवारी दुपारी चार वाजता दुकानात भेटावे. लोकमान्य नगरच्या काकांनी डीव्हीडी आणि मोजपट्टी आणावी, टिळकनगरच्या वहिनींनी थोरल्या भावांना सोबत आणावे. शेवटच्या रांगेचे अंतर मी आज सभागृहात मोजले, ते २६ फूट भरले. दुकानात तेवढी जागा नाही, पण दार उघडे ठेवले तर पायरीपर्यंत मागे जाता येते आणि दुकानदाराची त्याला हरकत नाही. खाली बसून पाहण्यासाठी वाचनालयातली निळी सतरंजी ताईंच्या परवानगीने मी घेऊन येतो.

सचिव