मेबल नॉर्मंड : सुरुवात कुठून करू?

तिरपागडी: चॅप्लिनचे १९१४चे मूक लघुपट बघतेय. त्यात ही बाई सारखी दिसते आणि नजर तिच्यावरच जाते. तिचं काय बघू? परवा एक लावला तर सगळे नुसते धावतायत नि आपटतायत, डोकं उठलं. आईसोबत बघायचंय.

रात्रपाळी: थेट 'द एक्स्ट्रा गर्ल' (१९२३) लावा. गावाकडची पोरगी नटी व्हायला हॉलिवूडला येते आणि कपडेपटात कामाला लागते. स्टुडिओतल्या कुत्र्याला सिंहाचं सोंग चढवलंय असं समजून ती खऱ्या सिंहाला दोरीने ओढत फिरवते. आजूबाजूचे जीव घेऊन पळतायत, ही मात्र त्याच्यावरच वैतागलेली! कीस्टोनचे, म्हणजे ती नि चॅप्लिन १९१४ला ज्या स्टुडिओत होते तिथले लघुपट नंतर. आणि व्हिडिओचा वेग ०.७५ करा, बरेचदा प्रिंट उगाच पळवलेली असते.

पेटीमास्तर: असहमत. आधी 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट' (१९१४). दिग्दर्शन तिचंच, आणि चॅप्लिनने तो ढगळ विजार-काठीचा वेष कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा घातला तो यातच. ('किड ऑटो रेसेस' चित्रित नंतर झाला, पण आला दोन दिवस आधी.) 'मेबल अ‍ॅट द व्हील'च्या वेळी तर दोघांचं वाजलंच. त्याला पाण्याच्या नळीवर पाय देऊन स्वतःच्याच तोंडावर फवारा उडवायचा होता, ही म्हणाली वेळ नाही. स्वारी रुसून रस्त्याकडेला बसली! आत्मचरित्रात त्याने स्वतःच लिहिलंय. नळीचा विनोद तसा १८९५चा, लुमिएर बंधूंचा. त्यामुळे मी मेबलच्या बाजूने.

तिरपागडी: हे भारीय. मग पुढे गायब कशी झाली?

रात्रपाळी: 'मिकी' (१९१८) तुफान चालला होता. पण फेब्रुवारी १९२२मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला आणि त्या संध्याकाळी त्याला भेटून गेलेली ही. खुनी कधीच सापडला नाही, वर्तमानपत्रांनी मात्र हिला सोडलं नाही. १९२४च्या पहिल्याच दिवशी तिच्या ड्रायव्हरने एका श्रीमंत गृहस्थावर गोळी झाडली, मग काय विचारता. १९२६ला निर्माता हॅल रोचकडे थोडे लघुपट केले. १९३०मध्ये क्षयाने गेली, चाळिशीही गाठली नाही.

पेटीमास्तर: म्हणून म्हणतो, १९१४पासून बघा. तेव्हाची मेबल मोकळी आहे.

तिरपागडी: काल 'एक्स्ट्रा गर्ल' लावला. पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मी मराठीत वाचून दाखवत होते. सिंह आला तशी आई म्हणाली, "तू गप गं, बघू दे." पेटीमास्तर, तुमचा रविवारी.