१ मेची सुट्टी आणि आपल्या गेटवरचे गार्ड

सेक्रेटरी (बी-५०१): नमस्कार. उद्या १ मे, कामगार दिनानिमित्त सोसायटीचं ऑफिस बंद राहील. मेंटेनन्सचे चेक परवा द्यावेत. सफाई आणि गार्ड नेहमीप्रमाणे.

सी-४०१: म्हणजे कामगार सोडून सगळ्यांना सुट्टी. भारी.

बी-२०३ काकू: महाराष्ट्र दिनाच्याही शुभेच्छा सर्वांना!

सी-४०१: काकू, आपण इंदूरचे. आपल्या मध्य प्रदेशचा स्थापना दिवस १ नोव्हेंबरला.

बी-२०३ काकू: माहेर दादरचं आहे रे माझं. आणि हुतात्मा चौकातला पुतळा बघ कधीतरी, मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी नि एक कामगार. उगीच नाही १ मे.

बी-३०२ वकीलसाहेब: महाराष्ट्राचं ठीक. पण कामगार दिन हे रशियाचं फॅड आहे. आपल्याकडे विश्वकर्मा जयंती असते १७ सप्टेंबरला, भारतीय मजदूर संघ तोच राष्ट्रीय श्रम दिन मानतो.

ए-१०४ आजोबा: वकीलसाहेब, विश्वकर्मा जयंती आमच्या घरी पण व्हायची, हत्यारांची पूजा करून. पण १ मे रशियाचा नाही, अमेरिकेचा. १८८६ साली तिथल्या कामगारांनी १ मेपासून संप केला, मागणी एकच, दिवसाला आठ तास काम. ३ तारखेला शिकागोत मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ४ ला हेमार्केट चौकात निषेधाची सभा झाली, तिथे बॉम्ब पडला. कोणी टाकला ते आजतागायत ठरलेलं नाही, तरी आठ जणांना दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला चौघांना फाशी दिलं. एकाने आधीच तुरुंगात जीव दिला होता, उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये तिथल्याच गव्हर्नरने माफी दिली, खटलाच अन्यायाचा होता म्हणून. पॅरिसला भरलेल्या समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १८८९ साली १ मे ठरवला तो यावरून. गंमत म्हणजे अमेरिका स्वतः लेबर डे पाळते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी!

सी-४०१: आणि भारतात?

ए-१०४ आजोबा: १ मे पहिल्यांदा पाळला १९२३ साली मद्रासला, तिथले कामगार नेते सिंगारवेलर यांनी. पण मला विचारशील तर आपली गोष्ट त्याच्या आधी सुरू होते, शिकागोच्याही आधी. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' वर्तमानपत्राचे संपादक. १८८४ मध्ये मुंबईत सभा घेऊन साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला त्यांनी. मागण्या काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, सूर्य मावळला की काम बंद, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला.

बी-२०३ काकू: अर्धा तास जेवायला मागावा लागला? अरे देवा.

ए-१०४ आजोबा: काकू, आमचे बाबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. भोंगा झाला की घर हलायचं. त्या मिलांनीच इंदूर वाढवलं, मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण. अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला आपण रात्र रात्र जागतो ना, त्या या मिल कामगारांच्या. मिला बंद पडल्या, झाक्या चालू आहेत. हुकुमचंद १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या हक्काचे पैसे सुटले २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षं! कितीतरी जण तोवर गेले, पैसे त्यांच्या बायकामुलांच्या हाती पडले.

बी-३०२ वकीलसाहेब: मान्य. आणि आठ तासांचं श्रेय द्यायचं तर महूला जन्मलेल्या बाबासाहेबांना पण द्या. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कामगार खातं त्यांच्याकडे होतं. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने.

सी-४०१: मग आपल्या गेटवर आठ ते आठ कसं चालतं? बारा तास झाले ते.

बी-३०२ वकीलसाहेब: तो कायदा कारखान्यांचा आहे.

सी-४०१: कायद्याचं नाही, आपलं विचारतोय.

सेक्रेटरी (बी-५०१): भिया, दोनाचे तीन गार्ड केले तर एजन्सीचं बिल दीडपट होईल. मग मेंटेनन्स वाढला म्हणून याच ग्रुपवर बोंब. शिवाय मी विचारून पाहिलंय, गार्डलाच बारा तास हवेत. आठ केले तर एजन्सी पगार कापते.

ए-१०४ आजोबा: शिकागोवाल्यांनाही हीच भीती होती. म्हणून तर त्यांचं म्हणणं, तास कमी करा पण पगारास हात लावू नका. नुसते तास कमी करून गार्डचं घर कसं चालेल? दोन्ही एकत्रच बोलावं लागेल.

बी-२०३ काकू: तो दिवसवाला बिचारा डबा उघडतो तेवढ्यात कोणीतरी हॉर्न वाजवतं. पोळी हातात घेऊन बॅरिअर उचलताना मी स्वतः पाहिलंय. निदान दुपारी अर्धा तास सफाईवाल्या दादांना तिथे बसवा ना.

सेक्रेटरी (बी-५०१): ते उद्यापासून करू. तासांचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो.

ए-१०४ आजोबा: साप्ताहिक सुट्टीचा पण घ्या. काल रजिस्टर चाळलं, रात्रवाल्याची सही एप्रिलच्या प्रत्येक तारखेला आहे. दोनदा तर डबल ड्यूटी.

सेक्रेटरी (बी-५०१): एजन्सीला विचारतो, काका.

ए-१०४ आजोबा: विचारू नका, कळवा. बिल आपण भरतो.