उन्हाळी मेळावा: पाण्याची लढाई, बंदुका आणि नियम

प्रेषक: क्रीडा समिती

नमस्कार मंडळी,
यंदा मेळाव्यात पाण्याची लढाई रीतसर खेळ म्हणून ठेवावी अशी सूचना आली आहे. दोन संघ, पंच, वेळ लावून डाव. बंदूक कोणती घ्यावी यावर मात्र एकमत होत नाही. जिच्यात जास्त दाब भरता येतो ती लांब मारते, असं काहींचं म्हणणं. जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रेषक: एक जुना खेळाडू

समितीचे मनापासून आभार. या खेळाकडे कोणी खेळ म्हणून बघतंय याचा फार आनंद झाला.

दाबाच्या मागे लागू नका. पाणी किती वेगाने सुटणार हे दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. बाहेरच्या हवेपेक्षा 2 बार जास्त दाब असेल (1 बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) तर वेग सेकंदाला साधारण 20 मीटर. दाब दुप्पट केला तरी तो जेमतेम 28 वर जातो, आणि तेवढा पंप मारताना हात भरून येतात ते वेगळंच. उलट तोटीचं तोंड 3 मिमीऐवजी 6 मिमी घ्या, त्याच दाबाला पाणी चौपट सुटतं. बारीक धार हवेत लगेच फुटते, तिचे थेंब होतात आणि थेंबांना हवा चटकन अडवते. जाड धार एकसंध राहते, म्हणून लांब पोचते. (नेम 45 अंशांवर धरावा हे पुस्तकात ठीक. हवेचा अडथळा धरला तर त्याहून थोडा खालीच धरावा.)

दुसरी गोष्ट, दाब टिकतो किती? अभियंता लॉनी जॉन्सन यांना 1982 मध्ये पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करताना जोरदार धार दिसली आणि त्यातून दाबावर चालणारी पाण्याची बंदूक सुचली. 1990 मध्ये ती 'पॉवर ड्रेंचर' म्हणून बाजारात आली, पुढच्या वर्षी तिचं नाव 'सुपर सोकर' झालं. त्या बंदुकीत दाबलेली हवा पाण्याला ढकलते. पाणी जाईल तशी हवा पसरते, दाब उतरतो आणि शेवटची धार पायाशी पडते. 1996 च्या 'सीपीएस 2000' या सुपर सोकरच्याच नव्या बंदुकीत हवेच्या जागी जाड रबरी पिशवी आली. पंपाने पाणी कोंबलं की ती फुगते आणि आकसताना जवळजवळ सारख्याच दाबाने पाणी बाहेर टाकते. माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोठी झेप हीच. रबरी पिशवीची बंदूक मिळाली तर तीच घ्या.

बॅटरीवर चालणारी जर्मन 'स्पायरा' सलग धारेऐवजी पाण्याचे सुटे गोळे मारते. नेमबाजांना ती आवडेल, पण दोन्ही संघांकडे एकाच जातीच्या बंदुका हव्यात.

प्रेषक: एक सभासद

दादा, छान समजावलंत. माझी मुलगी खेळणार आहे, म्हणून दोन शंका. पहिल्या मिनिटातच सगळे चिंब होतात, मग नेम लागला की नाही हे कोण ठरवणार? आणि डोळ्यांचं काय?

प्रेषक: एक जुना खेळाडू

ताई, शंका अगदी रास्त आहेत. 'एक मार, खेळाडू बाद' हा नियम कोरड्या शर्टावरच चालतो. म्हणून प्रत्येकाच्या दंडाला टिश्यू पेपरची पट्टी बांधू. एखाद्या थेंबाने ती टिकते, नीट धार बसली की फाटते. फाटली की आपल्या तळावर जाऊन नवी बांधायची आणि पुन्हा मैदानात उतरायचं. वाद राहत नाही आणि कोणाला बाहेर बसून राहावं लागत नाही. जिंकणं हरणं समोरच्याचा झेंडा पळवण्यावर ठेवू.

खरी रंगत पाणी भरण्यात आहे. 6 मिमीच्या तोंडातून 2 बारला सेकंदाला अर्धा लिटरहून जास्त पाणी जातं, म्हणजे 2 लिटरची टाकी चार सेकंदांत रिकामी! जो घोडा दाबून धरतो तो लगेच निःशस्त्र होतो. जो टिचक्या मारल्यासारखं थोडं थोडं मारतो तो टिकतो. पाणी भरायची जागा एकच आणि मैदानाच्या मधोमध ठेवा. ती कोण राखतं यावरच डाव फिरतो. मोठ्या टाकीचा मोह लहानांनी टाळावा, लिटरमागे किलोभर ओझं घेऊन धावायचं असतं.

डोळ्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. संरक्षक चष्म्याशिवाय मैदानात प्रवेश नाही. चेहऱ्यावर मारायचं नाही, तीन मीटरच्या आत तर मुळीच मारायचं नाही. पाणी स्वच्छ आणि साधंच. घरी पीव्हीसी पाइपची बंदूक करून तीत हवा दाबून भरणाऱ्यांना परवानगी देऊ नका. तो पाइप फुटला तर त्याच्या कपच्या उडतात. डाव संपला की प्रत्येक बंदुकीतला दाब उतरवून मगच ती ठेवायची.

प्रेषक: क्रीडा समिती

पट्टीचा नियम आणि मधली पाण्याची जागा, दोन्ही मान्य. चष्मे समिती आणेल. पंच म्हणून चार जण आणि पट्ट्या कापायला दोघं हवेत, इच्छुकांनी याच मेलला उत्तर द्यावं.