कायद्याच्या प्राध्यापकाचा एच-इंडेक्स कमी असेल तर मुलाखतीत काय दाखवायचं?

सायन_सर्कल:
नमस्कार. मी मुंबईतल्या एका विधी महाविद्यालयात संविधान आणि प्रशासकीय कायदा शिकवते. दुसरीकडे सहयोगी प्राध्यापकपदाची थेट भरती निघालीय, तिथे अर्ज करतेय. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे किमान सात प्रकाशनं आणि 75 संशोधन गुण लागतात, ते भरलेत. पण लेखांना इतरांनी किती संदर्भ दिले ते मोजणाऱ्या गूगल स्कॉलरचे आकडेही अर्जात मागितलेत आणि तिथे माझा एच-इंडेक्स 3. मॅनेजमेंट शिकवणाऱ्या मैत्रिणीचा 14 आहे. महापालिकेने बांधकाम पाडण्याआधी सुनावणी देण्याबद्दल माझा एक लेख आहे. त्यातला उतारा एका वकिलांनी उच्च न्यायालयात लेखी युक्तिवादात घेतला, त्यांनीच फोन करून सांगितलं. मला त्या लेखाचा फार अभिमान आहे, पण स्कॉलरवर त्याच्यापुढे शून्य दिसतं. समितीपुढे हे कसं मांडू?

फोर्टचा_ग्रंथपाल:
मॅडम, ठासून मांडा. मी कायद्याच्या ग्रंथालयात आयुष्य काढलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

एच-इंडेक्स 2005 मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तुमचा 3 म्हणजे तुमच्या तीन लेखांना प्रत्येकी किमान तीन संदर्भ मिळालेत, एवढंच. तुमचा लेख वाचणारा वकील त्यावर दुसरा लेख लिहीत नाही, तो कोर्टात वापरतो. स्कॉलरमध्ये निकालांचा विभाग आहे खरा, पण तो अमेरिकन न्यायालयांचा. आपल्या उच्च न्यायालयाच्या निकालात तुमचं नाव आलं तरी तो आकडा हलणार नाही.

डीट्रिश कॉनराड यांचं उदाहरण समितीला जरूर सांगा. हायडलबर्गचे हे जर्मन प्राध्यापक 1965 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यानाला आले होते. विषय, घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही मर्यादा असतात का. त्यांनी थेट विचारलं, उद्या दुरुस्ती करून जगण्याचा हक्क देणारं कलम 21 च काढून टाकलं तर चालेल का? हा मुद्दा वकील एम. के. नंबियार यांनी गोलकनाथ खटल्यात न्यायालयापुढे नेला. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला, त्यात न्या. खन्ना यांनी कॉनराड यांचं लेखन उद्धृत केलं. घटनेची मूलभूत संरचना, म्हणजे दुरुस्ती करूनही संसदेला मोडता न येणारा गाभा, आज आपण वर्गात शिकवतो, तिच्या मुळाशी हे एक व्याख्यानही आहे. याचा प्रभाव एच-इंडेक्सने कसा मोजणार?

आणि आपल्या मुंबईतले घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई! महाराष्ट्राचे महाधिवक्ता असतानाच 1967 मध्ये त्यांचा संविधानावरचा ग्रंथ आला. आमच्याकडे त्याची पानं हाताळून मऊ पडलीत, बांधणी पुन्हा करून घ्यावी लागते. तो ग्रंथ मागायला येतात ते बहुतेक सुनावणीची तयारी करणारे वकील.

आता काम. त्या वकिलांकडून युक्तिवादाचं ते पान, याचिकेचा क्रमांक आणि दोन ओळींचं पत्र मागून घ्या. स्कॉलरच्या आकड्याखाली ‘न्यायालयीन वापर’ असा वेगळा मथळा करून ते जोडा. लग्नाआधीच्या आडनावाने लेख असतील तर तेही तपासा. आमच्याकडे एका प्राध्यापिकेचे निम्मे लेख माहेरच्या नावाखाली पडून होते. ऑर्सिडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक घेतलात की नाव बदललं तरी लेख एकत्र राहतात.

अपील_साइड:
वकील आहे. ताई, लेखी युक्तिवादात घेतलं आणि निकालात आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीत कोणी कायद्याचा माणूस असेल तर पहिला प्रश्न हाच येईल. इंडियन कानून या निकाल शोधायच्या संकेतस्थळावर लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा. नुसतं आडनाव टाकलंत तर पक्षकारांचीच नावं येत राहतील. निकालात सापडलं तर परिच्छेद क्रमांकासह द्या. नाही सापडलं तर ‘युक्तिवादात वापर’ एवढंच लिहा, त्यालाही वजन आहे.

पवई_तलाव:
एक कळकळीची विनंती. आकडा वाढवायला पैसे भरून लेख छापू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, आता नियतकालिक तपासण्याची जबाबदारी संस्थांवर आलीय. त्यानंतर ‘आठवड्यात छापून देतो’ असे मेसेज मलाही येतात. तसला एक लेख यादीत दिसला की उरलेल्या चांगल्या लेखांकडेही संशयाने बघतात.

सायन_सर्कल:
सगळ्यांचे मनापासून आभार. अपील_साइड, शीर्षक टाकून शोधलं. निकालात लेखाचं नाव नाही, पण सुनावणीचा मुद्दा न्यायालयाने मान्य केलाय. ‘युक्तिवादात वापर’ असंच लिहिते आणि निकालाची प्रत सोबत लावते. वकिलांना पत्रासाठी आत्ताच फोन केला, सोमवारी देतो म्हणाले. ग्रंथपाल सर, माझेही दोन लेख जुन्या आडनावाखाली निघाले.